टिपणी कोणाची, सही कोणाची

विद्यापीठातला कुठलाही निर्णय आधी टिपणी म्हणून जन्माला येतो. कनिष्ठ लिपिक विषय मांडतो, मागचे संदर्भ जोडतो, नियमाचा क्रमांक घालतो आणि खाली ‘मान्यतेस्तव सादर’ लिहून नस्ती, म्हणजे फाइल, वर पाठवतो. मग कक्ष अधिकारी, सहायक कुलसचिव, उपकुलसचिव, कुलसचिव. विषय मोठा असेल तर प्र-कुलगुरू आणि कुलगुरू. प्रत्येक टेबलावर एक आद्याक्षरी, कधी एखादा शेरा. बाहेरच्याला हा नुसता वेळकाढूपणा वाटतो आणि पुष्कळदा तो असतोही. तरी त्या कागदावर एक गोष्ट कायम राहते : कोणी काय सुचवलं, कोणी हरकत घेतली, ती कोणी डावलली आणि शेवटी सही कोणी केली. दहा वर्षांनी एखादा विद्यार्थी न्यायालयात गेला तर ती नस्ती काढली जाते आणि जबाबदार माणूस सापडतो.

आता ही टिपणी लिहिणारा बदलतो आहे. लिपिक अर्जाचा फोटो काढतो, चॅटजीपीटीत किंवा जेमिनीत टाकतो, ‘यावर कार्यालयीन टिपणी तयार कर’ असं सांगतो आणि मिनिटाभरात शुद्ध, वळणदार मराठीत टिपणी समोर येते. परिपत्रकं, इतिवृत्तं, स्मरणपत्रं, अभिनंदनाचे ठराव असेच व्हायला लागलेत. मराठवाड्यात, बालाघाटच्या डोंगरपट्ट्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी प्राचार्य आहे. त्याआधी बरीच वर्षं वर्गावर शिकवलं, मधल्या काळात विद्यापीठाच्या काही मंडळांवर बसले. त्यामुळे नस्ती मी दोन्ही बाजूंनी पाहिली आहे, अर्ज करणाऱ्याच्या आणि सही करणाऱ्याच्या. महाविद्यालयांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकला द्यायचे वार्षिक अहवालही आता अनेक ठिकाणी यंत्राकडून लिहून घेतले जातात. त्यावर मी इथं थांबत नाही, कारण त्या अहवालाच्या भाषेने कुठल्या विद्यार्थ्याचं थेट बरंवाईट होत नाही. जिथं होतं, तिथलंच मला बोलायचं आहे.

मराठवाड्यात विद्यापीठाच्या दारापर्यंत पोचणं कधीच सोपं नव्हतं. १७ सप्टेंबर १९४८ला निजामाची राजवट संपली तेव्हा या भागाचं विद्यापीठ म्हणजे हैदराबादचं उस्मानिया. १९५० साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटीमार्फत औरंगाबादला महाविद्यालय काढलं, तेच पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून ओळखलं गेलं. २३ ऑगस्ट १९५८ला मराठवाडा विद्यापीठ उभं राहिलं आणि पहिले कुलगुरू म्हणून एस. आर. डोंगरकेरी आले. ते आधी मुंबई विद्यापीठाचे कुलसचिव होते, म्हणजे परीक्षा आणि नस्त्यांमध्ये मुरलेला माणूस. नव्या विद्यापीठाची घडी बसवायला प्रशासन आतून जाणणारा माणूस लागतो, हे त्या पिढीला कळलं होतं असं मला नेहमी वाटतं. १९९४ साली १४ जानेवारीला नामविस्तार झाला आणि त्याच वर्षी १७ सप्टेंबरला नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ निघालं. किनवट-देगलूरच्या पोरांना औरंगाबादचा फेरा चुकला.

किलोमीटरमधलं अंतर असं कमी होत गेलं. परीक्षा विभागाच्या खिडकीपाशी मात्र ते अजून तेवढंच आहे. निकाल लागतो आणि एखाद्या मुलीच्या नावापुढं गुणांऐवजी ‘राखीव’, म्हणजे निकाल रोखून ठेवला, असं येतं, किंवा पेपर दिलेला असताना ‘गैरहजर’. कारण बहुधा क्षुल्लक असतं. अंतर्गत गुण वेळेत चढलेले नसतात, पीआरएनचा, म्हणजे कायम नोंदणी क्रमांकाचा, एक आकडा चुकलेला असतो, किंवा उत्तरपत्रिकेवरचा बारकोड नीट वाचला गेलेला नसतो. ती मुलगी सकाळच्या एसटीने निघते. १७ मार्च २०२३पासून महिलांना निम्मं तिकीट झालं, त्याचा आधार मोठा आहे. पण रोजंदारी बुडते ती बुडतेच, आणि सोबत येणाऱ्या भावाचं किंवा वडलांचं तिकीट पूर्णच पडतं. खिडकीवर सांगितलं जातं, कॉलेजकडून पत्र आणा. कॉलेजने पत्र पाठवलेलं असतं आणि ते आवक विभागात कुठल्यातरी गठ्ठ्यात असतं. तोवर पुढच्या प्रवेशाची तारीख जवळ येते. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ सांगतो की निकाल परीक्षा संपल्यापासून ३० दिवसांत आणि काही झालं तरी ४५ दिवसांच्या आत लावावा. ‘राखीव’ हा शेरा मारला की कागदोपत्री निकाल लागलेला असतो. त्या मुलीचा लागलेला नसतो.

कृत्रिम बुद्धिमत्तेचं मी मनापासून स्वागत करते ते या ठिकाणी. परीक्षा हॉलमधला पर्यवेक्षकाचा हजेरीपट आणि गुणपत्रकाची यादी निकाल जाहीर होण्याआधी समोरासमोर लावून पाहणं, जिथं मेळ बसत नाही ती नावं आधीच वेगळी काढणं, आवक झालेलं पत्र वाचून ते नेमक्या राखीव निकालाला जोडणं, हे काम यंत्र थकवा न येता करतं. खरं सांगायचं तर यातल्या निम्म्या कामाला ‘एआय’ हे नाव देण्याचीही गरज नाही. दोन याद्या जुळवणं संगणकाला फार पूर्वीपासून येतं. ते झालं नाही, कारण तसा आदेश कोणी दिला नाही. म्हणून एखाद्या विद्यापीठाने एआय धोरण जाहीर केलं की मी आधी एवढंच पाहते : राखीव निकालांबद्दल त्यात एखादी ओळ आहे का?

वेग हीच सुधारणा समजली तर काय होतं, हे २०१७ साली मुंबई विद्यापीठात सगळ्या महाराष्ट्राने पाहिलं. लाखो उत्तरपत्रिका स्कॅन करून पडद्यावर तपासायचं ठरलं. पुरेशी तयारी नव्हती, निकाल महिनोन्‌महिने लांबले, पोरांचे पुढचे प्रवेश अडकले आणि ऑक्टोबरमध्ये कुलपतींनी कुलगुरूंना पदावरून दूर केलं. पडद्यावर तपासणी ही कल्पना वाईट नव्हती, आज ती ठिकठिकाणी चालते आहे. फसलं ते आधी लहान प्रमाणावर करून न बघणं आणि प्राध्यापकांच्या हरकतींकडे दुर्लक्ष करणं. नस्तीवरचा प्रतिकूल शेरा वाचायचा असतो. एआय आणताना हा धडा आपल्याच राज्यातला असल्यामुळे मला जास्त जवळचा वाटतो.

विद्यार्थ्यांच्या प्रश्नांना उत्तरं देणाऱ्या चॅटबॉटचं सगळ्यात जास्त सांगितलं जाणारं उदाहरण अमेरिकेतल्या अटलांटाच्या जॉर्जिया स्टेट युनिव्हर्सिटीचं आहे. तिथं गरीब घरातली, घरातून पहिल्यांदाच कॉलेजात आलेली मुलं मोठ्या संख्येने शिकतात. प्रवेश निश्चित होऊनही उन्हाळ्याच्या सुट्टीत कित्येक मुलं गळायची, कारण फॉर्म, कर्ज, लसीकरणाचे दाखले या जंजाळात कोणाला विचारावं हेच कळायचं नाही. २०१६ साली त्यांनी मोबाइलवर संदेशांना उत्तर देणारा ‘पाउन्स’ नावाचा बॉट सुरू केला. त्या एका उन्हाळ्यात त्याने दोन लाखांहून अधिक उत्तरं दिली आणि ती गळती सुमारे एक पंचमांशाने कमी झाली. मुलं त्याला रात्री विचारायची, जे प्रश्न माणसाला विचारायला संकोच वाटतो तेही विचारायची. आमच्याकडेही पोरं रात्री अकरानंतरच संदेश टाकतात. दिवसभर काम असतं आणि घरातला मोबाइल रात्रीच हाताशी येतो.

मात्र तोच बॉट इथं आणून ठेवला तर भागणार नाही. आमचा विद्यार्थी लिहितो ‘निकाल लागंना गेलाय’, ‘पैसे कटायलेत पण पावती येईना’. बरेचदा हे रोमन लिपीत, बरेचदा बोलून पाठवलेलं. देगलूर-बिलोलीकडे त्यात तेलुगू-कन्नड मिसळते, किनवट-माहूरच्या पट्ट्यात घरची भाषा गोंडी किंवा कोलामी असते, तांड्यावर गोरमाटी. आणि विद्यापीठाचं परिपत्रक सुरू होतं ‘उपरोक्त संदर्भीय विषयान्वये आपणांस कळविण्यात येते की’. केंद्र सरकारच्या भाषिणीसारख्या प्रकल्पामुळे मराठी बोलणं संगणकाला कळायला लागलं आहे. माझी अपेक्षा साधी आहे. प्रत्येक परिपत्रकासोबत त्याचा चार ओळींचा सोपा मराठी मजकूर निघावा : काय करायचं, कुठे, कधीपर्यंत, पैसे किती. तो यंत्राने लिहावा, संबंधित विभागाच्या अधिकाऱ्याने वाचून त्यावर सही करावी आणि मगच तो बॉटला द्यावा.

सहीचा आग्रह का, तर बॉट चुकीची तारीख सांगेल तो दिवस येणारच. एअर कॅनडा या विमान कंपनीच्या चॅटबॉटने एका प्रवाशाला, घरात मृत्यू झाल्यावर मिळणाऱ्या सवलतीबद्दल चुकीची माहिती दिली. भांडण कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतातल्या न्यायाधिकरणात गेलं. चॅटबॉट ही स्वतंत्र, स्वतःच्या वागण्याला जबाबदार अशी व्यवस्था आहे, असा बचाव कंपनीने केला. फेब्रुवारी २०२४मध्ये न्यायाधिकरणाने तो फेटाळला आणि प्रवाशाला भरपाई द्यायला लावली. ‘ते बॉटचं उत्तर आहे, आमचं नाही’ हे वाक्य परीक्षा विभागाच्या खिडकीवर कधीही ऐकू येऊ नये. बॉटने सांगितलेल्या तारखेवर विसंबून मुलाने फॉर्म भरला असेल, तर विद्यापीठाने ती तारीख आपली मानून विलंब शुल्क न घेता फॉर्म घ्यावा. हा नियम बॉट सुरू होण्याआधी परिपत्रकात आला पाहिजे, नंतर नाही.

आता मुख्य गोष्टीकडे येते, जिच्यामुळे हे सगळं लिहावंसं वाटलं.

दसरा झाला की आमच्या डोंगरपट्ट्यातून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. मुकादमाची उचल आधीच घेतलेली असते. नवरा-बायको मिळून एक कोयता. बीड जिल्ह्याचं नाव यात सगळ्यात आधी घेतलं जातं, पण शेजारच्या जिल्ह्यांतूनही माणसं जातात. पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात, ऊस असेल तिथं. मार्च-एप्रिलपर्यंत गावं अर्धी रिकामी असतात. पदवीच्या वर्गातली मुलंही जातात. कोणी कोयत्यावर जातो, कोणी गाडी हाकायला, एखादी मुलगी फडावरच्या खोपीत धाकट्या भावंडांना सांभाळायला. सत्राची परीक्षा नेमकी याच काळात येते. डिसेंबरात फोन वाजतो : “मॅडम, मी कारखान्यावरून बोलायले. हॉल तिकीट निघालंय का? पेपर कधीपासून हायेत?” मागे बैलांच्या घुंगरांचा नाहीतर ट्रॅक्टरचा आवाज येत असतो.

अलीकडे एका कार्यशाळेत आम्हा प्राचार्यांना विद्यार्थी-विश्लेषणाची एक प्रणाली दाखवण्यात आली. हजेरी, अंतर्गत गुण, शुल्क भरल्याच्या तारखा, बारावीचे गुण आणि तालुका एकत्र करून ती प्रत्येक नावापुढं रंग लावते. लाल म्हणजे हा विद्यार्थी शिक्षण सोडण्याची शक्यता जास्त. सादरीकरण उत्तम होतं. मी आमच्या महाविद्यालयाची यादी डोळ्यापुढं आणली. नोव्हेंबर उजाडला की आमचा पडदा लालच लाल होणार. यंत्राचं निदान चूक म्हणता येणार नाही, ही मुलं खरोखर धोक्यात असतात. फक्त ती का गेली हे त्या पडद्यावर कुठे दिसत नाही, आणि ‘का’ ठाऊक नसलेल्या माणसाच्या हातात ती यादी पडली तर तो काय करील याची मला काळजी वाटली. हजेरी ७५ टक्क्यांच्या खाली म्हणून फॉर्म अडवणं हा सगळ्यात सोपा मार्ग असतो.

यादी एकच, पण ती कशासाठी मागवली यावर सगळं ठरतं. हे दाखवणारी दोन उदाहरणं अमेरिकेतलीच आहेत. जॉर्जिया स्टेटने २०१२पासून आठशेहून अधिक धोक्याच्या खुणा ठरवून प्रत्येक विद्यार्थ्यावर रोज लक्ष ठेवायला सुरुवात केली. मुख्य विषयाच्या पहिल्याच पेपरात काठावर पास झाला, चुकीचा पेपर निवडला, की इशारा येतो. पण इशारा जातो समुपदेशकाकडे, आणि त्यासाठी विद्यापीठाने समुपदेशकांच्या नव्या जागा भरल्या. आकडेवारीतून आणखी एक गोष्ट त्यांच्या लक्षात आली : पदवीच्या अगदी जवळ आलेली मुलं काहीशे डॉलरच्या थकबाकीमुळे पटावरून काढली जात होती. मग अर्जही न मागता त्यांच्या खात्यात तेवढी रक्कम भरणारं अनुदान सुरू झालं. बहुतेक मुलं पदवी घेऊन बाहेर पडली.

दुसरं उदाहरण मेरीलँडमधल्या माउंट सेंट मेरीज युनिव्हर्सिटीचं. तिथल्या अध्यक्षांनी नव्या विद्यार्थ्यांचं एक सर्वेक्षण करवून घेतलं, कोण टिकणार नाही हे ओळखण्यासाठी. हेतू असा की अशा वीस-पंचवीस मुलांना पहिल्या काही आठवड्यांतच निघून जायला सांगावं, म्हणजे सरकारला कळवायच्या तारखेला विद्यार्थी टिकण्याची टक्केवारी चांगली दिसेल. जानेवारी २०१६मध्ये विद्यार्थ्यांच्याच वृत्तपत्राने हे छापलं. विरोध करणाऱ्या प्राध्यापकांना काढण्यात आलं, मग परत घ्यावं लागलं आणि फेब्रुवारी संपता संपता अध्यक्षांनी राजीनामा दिला. त्यांच्याकडे एआयसुद्धा नव्हतं, साधी प्रश्नावली होती. त्यापेक्षा कितीतरी सूक्ष्म यादी आज कुठल्याही कुलगुरूंच्या पडद्यावर येऊ शकते. गुणांकनाचा ताण आपल्याकडेही आहे, उत्तीर्णतेची टक्केवारी आपल्यालाही दाखवावी लागते. म्हणून नेतृत्वाने पहिल्या दिवशीच लेखी सांगून टाकावं की ही यादी फक्त मदत पोचवण्यासाठी आहे; फॉर्म अडवण्यासाठी, प्रवेश नाकारण्यासाठी किंवा महाविद्यालयाचं संलग्नीकरण ठरवण्यासाठी ती वापरली जाणार नाही.

शेवटचा मुद्दा मी मुद्दाम घातला. एखाद्या संस्थेच्या मागच्या निकालांवरून आजच्या मुलाला मोजणं किती अन्यायाचं असतं, हे २०२०च्या ऑगस्टमध्ये इंग्लंडने अनुभवलं. कोरोनामुळे परीक्षा झाल्या नाहीत. शिक्षकांनी दिलेल्या श्रेणी तिथल्या ऑफक्वाल या नियामक संस्थेने एका सूत्रातून काढल्या, आणि त्या सूत्रात शाळेच्या मागच्या वर्षांच्या निकालांना मोठं वजन होतं. १३ ऑगस्टला निकाल लागला तेव्हा जवळपास ४० टक्के श्रेणी शिक्षकांनी दिलेल्यापेक्षा खाली आल्या होत्या. अगदी लहान तुकड्यांना सूत्र लागू नव्हतं, आणि लहान तुकड्या महागड्या खासगी शाळांत जास्त असतात. सामान्य शाळेतली हुशार मुलं रस्त्यावर उतरली. चार दिवसांनी, १७ ऑगस्टला, सरकारने सूत्र मागे घेतलं. आमच्या तालुक्याचा मागच्या दहा वर्षांचा निकाल काढला तर त्यात दुष्काळ आहे, स्थलांतर आहे, रिकाम्या राहिलेल्या प्राध्यापकांच्या जागा आहेत, तासिका तत्त्वावर दोन-तीन कॉलेजं धावत करणारे शिक्षक आहेत. हे सगळं एका आकड्यात गोळा करून या वर्षीच्या हुशार मुलीच्या माथी मारायचं का? ‘तालुका’ हा रकाना निरुपद्रवी दिसतो. आमच्याकडे त्यातून जात, जमीन आणि पाऊस तिन्ही कळतात.

संशोधन विभागातही हीच काळजी घ्यायला हवी. प्रबंधात ‘एआयने लिहिलेल्या मजकुराची टक्केवारी’ दाखवणारी साधनं आली आहेत. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २०२३मध्ये अशी साधनं तपासली तेव्हा, इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांनी स्वतः लिहिलेले निम्म्याहून अधिक निबंध त्यांनी यंत्राचे ठरवले होते. आमच्या संशोधकांची इंग्रजी घोकून, बेतून कमावलेली असते. त्या टक्केवारीवर कोणाची पीएच.डी. अडवली जाऊ नये.

एक प्रसंग मी सगळ्या अधिकाऱ्यांना सांगते. फेब्रुवारी २०२३मध्ये मिशिगन स्टेट युनिव्हर्सिटीत गोळीबार होऊन विद्यार्थी मारले गेले. त्यानंतर व्हँडरबिल्ट युनिव्हर्सिटीच्या पीबडी कॉलेजमधून विद्यार्थ्यांना एक दिलाशाचं पत्र गेलं, एकमेकांना धरून राहा असं सांगणारं. तळाशी बारीक अक्षरात लिहिलं होतं की मजकूर चॅटजीपीटीच्या साहाय्याने तयार केला आहे. विद्यार्थी फार दुखावले, संबंधितांना माफी मागावी लागली. त्या पत्रात भाषेची चूक एकही नसेल. २०२५च्या सप्टेंबरात अतिवृष्टीने मराठवाड्यातली शेतं वाहून गेली, तेव्हा आमच्याकडे मुलं चिखलाने भरलेल्या प्लास्टिकच्या पिशव्या घेऊन यायची. आत गुणपत्रकं, टीसी, जातीचा दाखला, सगळ्याचा लगदा. त्यांना दुय्यम प्रती मिळवून देणं, डिजिलॉकरमध्ये काय आहे ते शोधणं, बाधित गावांच्या याद्यांशी नावं जुळवून परीक्षा शुल्क माफीचे प्रस्ताव तयार करणं, ही कामं यंत्राला खुशाल द्यावीत. दुष्काळात, अतिवृष्टीत शुल्क माफ होतं, पण अनेकदा पोराने आधी भरायचं आणि परतावा कधीतरी मिळायचा अशी रीत पडली आहे. यादी आधीच तयार असेल तर पैसे घ्यायचंच टाळता येतं. ज्याच्या वडलांनी जीव दिला त्याला लिहायचं पत्र मात्र प्राचार्याने, कुलगुरूने स्वतः लिहावं. अडखळत लिहावं, दोनच ओळी लिहाव्यात, पण स्वतः लिहाव्यात.

निर्णय कोणता यंत्राला द्यायचा आणि कोणता नाही, याची रेघ मी अशी ओढते. ज्या उत्तराने विद्यार्थ्याचं काम पुढं सरकतं ते यंत्राने लगेच द्यावं. ज्या उत्तराने त्याला ‘नाही’ म्हटलं जातं, त्यावर माणसाची सही हवी, त्या माणसाचं नाव आणि बसण्याची जागा हवी, आणि यंत्राने काय सुचवलं होतं हेही नस्तीवर दिसायला हवं. युरोपीय संघाने २०२४च्या एआय कायद्यात प्रवेश ठरवणारी, गुण देणारी आणि परीक्षेत पहारा करणारी यंत्रणा जास्त जोखमीच्या वर्गात टाकली आहे. आपल्याकडे डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३ आहे. ज्या कारणासाठी माहिती घेतली त्याच कारणासाठी ती वापरावी, हे त्याचं मूळ तत्त्व. कंपनीशी करार करताना कुलसचिवांनी हे तत्त्व शब्दशः त्यात घालून घ्यावं. आमच्या मुलांची हजेरी आणि थकबाकी कोणाच्या कर्ज-विक्रीच्या यादीत जाता कामा नये.

नस्तीवर टिपणी लिहिणाऱ्या लिपिकाबद्दलही मला बोलायचं आहे. यंत्र आलं की लिपिक कमी करता येतील असं बैठकींत बोललं जातं. आधीच जागा रिकाम्या आहेत. परीक्षा विभागातल्या जुन्या लिपिकाला ठाऊक असतं की अमुक वर्षी अमुक अभ्यासक्रमाचा नमुना बदलला होता आणि त्या तुकडीला वेगळा नियम लागतो. कुठल्या केंद्रावर पुरामुळे पेपर पुढं ढकलला होता. यातलं बरंच कुठेही लिहिलेलं नाही, म्हणून यंत्राला ते माहीत असण्याची सोय नाही. हातातला लिहिण्याचा वेळ वाचला तर तो या लोकांना खिडकीवर बसायला, फोन उचलायला, नव्या लिपिकाला शिकवायला द्यावा. जॉर्जिया स्टेटमध्ये यंत्रासोबत माणसं वाढवली गेली, हे त्या यशोगाथेतलं सगळ्यात कमी सांगितलं जाणारं वाक्य आहे.

आमच्या महाविद्यालयात आम्ही लहानसं काम सुरू केलं आहे. दसऱ्याआधी प्रत्येक पालक-शिक्षक, म्हणजे ठरावीक मुलांची जबाबदारी दिलेला प्राध्यापक, आपल्या मुलांशी बोलतो, कोण जाणार, कुठे जाणार, फोन कोणाचा लागेल हे विचारून ठेवतो. हजेरीची माहिती एका साध्या प्रणालीत जाते आणि सलग गैरहजेरी दिसली की ती त्या शिक्षकाला नाव दाखवते. शिक्षक फोन करतो. टिपणं, जुने पेपर, परीक्षेचं वेळापत्रक आवाजात रेकॉर्ड करून पाठवतो, कारण फडावर वाचायला उजेड नसतो पण ऐकता येतं. सुरुवातीला हजेरीच्या नमुन्यात आम्ही ‘कारण’ असा एक रकाना ठेवायचं ठरवलं होतं. ते कळल्यावर दुसऱ्या वर्षाचा एक मुलगा माझ्या केबिनमध्ये आला. “मॅडम, माझ्या नावापुढं ऊसतोड लिहू नका. आज तुम्हीच बघायलेत. उद्या नोकरीला गेलो तर ते कंपनीवाल्यालाबी दिसंल.” डेटा संरक्षणावरची अनेक व्याख्यानं मी ऐकली आहेत, इतकं नेमकं त्यात कोणी बोललं नव्हतं. प्रणालीत आता फक्त ‘संपर्क करावा’ एवढंच दिसतं. कारण त्या एका शिक्षकाच्या वहीत राहतं आणि मूल पदवी घेऊन गेलं की ते पान फाडलं जातं.

विद्यापीठाच्या नमुन्यात मात्र ७५ टक्क्यांच्या खालच्या हजेरीसाठी ‘वैद्यकीय’ आणि ‘इतर’ असे दोनच पर्याय आहेत. ‘हंगामी स्थलांतर, प्राचार्यांकडून प्रमाणित’ असा तिसरा पर्याय यावा, त्यात गावाचं, कारखान्याचं नाव विचारू नये, आणि अशा विद्यार्थ्याला कारखान्याजवळच्या परीक्षा केंद्रावर बसता यावं, असा प्रस्ताव मी दिला आहे. त्या मुलाचं म्हणणं, त्याचं नाव न घालता, त्याच्याच शब्दांत टिपणीत टाकलं आहे. विद्या परिषदेच्या येत्या बैठकीत विषय येईल अशी आशा आहे. ज्या प्राचार्यांच्या गावातून टोळ्या जातात त्यांनी आपल्या महाविद्यालयाची ऑक्टोबर ते मार्चची हजेरी वेगळी काढून, नावं वगळून, आपल्या विद्यापीठाच्या विद्या परिषदेकडे याच मागणीसह पाठवावी. एका कॉलेजचा अर्ज ‘इतर’मध्ये जातो, पन्नास कॉलेजांचा आला तर रकाना बदलावा लागतो.